नागपूरहून एवढ्या लांब जाऊन दापोलीजवळच्या मुरुडला आठवडाभर एकाच फ्लॅटमध्ये राहावं, की दोन-दोन दिवसांनी जागा बदलावी? सोबत आई-वडील आहेत. आजूबाजूला बघण्यासारखं काय आहे?

एकाच ठिकाणी राहा. वयस्कर माणसं सोबत असताना जागा बदलण्याचा विचारसुद्धा करू नका.

एवढं ठामपणे सांगते, कारण याच मुद्द्यावरून आमच्या घरात अजून वाद चालतो. माझ्या मोठ्या बहिणीचे मिस्टर, आमचे भाऊजी, हर्णै, गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली आणि वरून गोवा असं सगळं एका दमात करून आलेले. आम्ही आईला घेऊन मुरुडशेजारच्या कर्द्याजवळ फ्लॅटमध्ये राहायचं ठरवलं तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "समुद्र एकदा पाहिला की पाहिला. बाकीचे दिवस गॅलरीत बसून काय करणार? आई कंटाळतील."

आई कंटाळली नाही. तिचं सगळं आयुष्य नागपूरच्या महाल भागात गेलं. मोठं पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा तलाव, एवढंच तिला माहीत. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे. पहिल्या दिवशी गॅलरीतून बघते तर समोर पाणी, आणि थोड्या वेळाने तिथेच नुसती वाळू. शेजारच्या वाडीतल्या आजोबांना तिने विचारलं, "हे पाणी जातं कधी आणि येतं कधी?" त्यांनी उलट विचारलं, "आज तिथी कोणती?" आईने कॅलेंडर न बघता सांगितलं, पंचमी. "मग पाचाची पाऊणपट करा. पावणेचार. पावणेचारला भरती, दुपारी आणि पहाटेही. त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी."

आई चतुर्थी, एकादशी, प्रदोष सगळं धरणारी बाई. तिथी तिच्या जिभेवर असते. तिच्या ज्या उपासांवरून आम्ही तिला आयुष्यभर बोलत आलो, त्यांच्यावर समुद्राचं वेळापत्रक बसलेलं निघालं! चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. हिशोब मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण फिरायला पुरतो. दुसऱ्या दिवसापासून कुठे, किती वाजता जायचं हे आईच ठरवायला लागली. पंचमी-षष्ठीला सकाळी दहा-अकराच्या सुमारास ओहोटी, तेव्हा कर्द्याची वाळू ओली आणि टणक असते, पाय रुतत नाही. आई काठी न घेता चालली. अष्टमीला ओहोटी भर बारावर गेली, तर तिने सांगून टाकलं की आज वाळू नको, सकाळी आसूदला जायचं.

आसूदला केशवराजाचं देऊळ आहे. नारळी-सुपारीच्या दाट बागांमधून उतरायचं, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा आणि मग पायऱ्या चढायच्या. वर गोमुखातून पाणी पडत असतं. आईला पायऱ्या झेपल्या नसत्या, म्हणून ती खाली ओढ्याशी बसली. आम्ही उतरून येईपर्यंत तिथे सुपारी सोलत बसलेल्या बाईशी तिची ओळख होऊन गेली होती. थंडीचे दिवस, आम्ही घरून संत्री नेली होती. त्यातली चार तिने त्या बाईला दिली आणि बदल्यात कोकमाचं आगळ घेऊन आली. दुपारचं चेकआउट असतं तर हे झालं असतं का? आम्ही तिला "चल, चल, उशीर होतोय" म्हणत उठवलं असतं.

हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी बघा. होड्या बंदरात लागतात, टोपल्या वाळूवर उतरतात आणि बोली इतकी भराभर चढते की पहिल्यांदा काही कळत नाही. आई मासे खात नाही, तरी बघायला आली. किरकोळ घ्यायचं असेल तर कडेला बसलेल्या कोळणींकडे जा. त्यांच्यातल्या एका मावशीने सुरमईचा कल्ला बोटाने उचलून मला दाखवला. आतून लालभडक असेल तरच घ्यायची, तपकिरी पडला असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडायची. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. पुन्हा गेलो तेव्हा तिनेच हाक मारली, कोलंबीचा वाटा बाजूला काढून ठेवला आणि साफ करून दिला. एक रात्र राहून पुढे निघणाऱ्याला कुठली कोळीण हाक मारते? भाऊजींनी हर्णैत फोटो काढले आणि जेवले महामार्गावरच्या धाब्यावर, हे त्यांनीच सांगितलंय.

हर्णैसमोर समुद्रात सुवर्णदुर्ग आहे. आंग्र्यांचा किल्ला, 1755 मध्ये त्यांच्या हातून गेला. समुद्र शांत असेल तर होडी नेते. आई-वडिलांना होडीत चढा-उतरायला जड जाईल, त्यांना किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावरूनच दाखवा, छान दिसतो.

बाकीचं थोडक्यात. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, उजव्या सोंडेचा, गाडी वरपर्यंत जाते. तिथून पुढे केळशी: महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा आणि शांत गाव. लाडघरला ओहोटीच्या वेळी तांबडे गोटे दिसतात. दाभोळहून फेरीबोटीने गाडीसकट वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरता येतं, म्हणजे गुहागरही एका दिवसात होतं. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, पण त्यासाठी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जावं लागेल. पन्हाळेकाजीला 29 लेणी आहेत, तिथे गर्दी नसते. मुरुड तर महर्षी कर्व्यांचं गाव. परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेलेला मुलगा, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून त्याला बसू दिलं नाही. त्याच माणसाने 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं. हे मी आईला दुर्गादेवीच्या देवळात बसून सांगितलं. आईची शाळा चौथीत सुटलेली. ती बराच वेळ काही बोलली नाही.

नागपूरच्या माणसाने मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याला गेल्याशिवाय परतू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाबासाहेबांचं मूळ गाव ते. दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि आपण त्यांना पाणी देतो, जेवण देतो. मग त्या भागात जाऊन हे गाव चुकवायचं कसं? कुठल्याही पॅकेज टूरच्या यादीत ते मला सापडलं नाही. जागा बदलत धावणाऱ्याला तिथे वाकडी वाट करून जायला वेळच नसतो.

भाऊजी अजून म्हणतात की एवढ्या पैशात तीन ठिकाणं झाली असती. दापोली ते मालवण अडीचशेच्या वर किलोमीटर, तेही वळणांचे रस्ते. सकाळी बॅगा भरायच्या, दुपारी दुसरीकडे उघडायच्या, मधला सगळा दिवस गाडीत. त्यात सत्तरीतल्या माणसाचे पाय सुजतात, ते त्यांच्या हिशोबात कुठे आहे? ताई स्वतः मला म्हणाली की त्या सहलीतलं तिला फक्त हॉटेलांचं रिसेप्शन आठवतं. हे मी त्यांच्या तोंडावर अजून बोललेले नाही, ताईला त्रास नको म्हणून.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. नागपूरहून अंतर साधारण नऊशे किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गावरून झपाट्याने जाता, पण पुढचा घाट-रस्ता जीव काढतो, मध्ये एक मुक्काम कराच. रेल्वेने गेलात तर खेडला उतरा. मे महिन्यात जाऊ नका. आपल्याकडे 45 अंशांत कूलर चालतो, कारण हवा कोरडी. तिथल्या दमट हवेत कूलरने नुसता ओलावा वाढतो, एसी लागतोच. फ्लॅटची गॅलरी समुद्राकडे म्हणजे पश्चिमेला असणार, दुपारी ती तापते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेवर जाऊ नका. वडिलांना हृदयाचा वगैरे त्रास असेल तर मोठ्या उपचारांसाठी लांब जावं लागेल, त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि तुमच्या हातात दोन-तीनच दिवस असतील तर एवढ्या लांब जाऊच नका.

फ्लॅट तळमजल्यावरचा किंवा लिफ्ट असलेला, स्वयंपाकघरासकट घ्या. तारखा ठरवताना पौर्णिमा किंवा अमावास्या मध्ये येईल असं बघा. तेव्हा संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास ओहोटी असते, सूर्य मावळताना आई-वडिलांना चालायला लांबलचक टणक वाळू मिळते. पैसे भरण्याआधी पत्त्यात तालुका दापोली लिहिलंय ना, एवढं वाचा. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात आहे, आणि इंटरनेटवर दोन्ही एकाखाली एक दिसतात.