तेलाच्या डब्यांची चादर

प्रश्न : आमच्या चौकात भजीच्या गाड्या, हॉटेलं बरीच, तेलाचे १५ किलोचे पत्र्याचे डबे रोज रिकामे होतात. आम्ही पोरं ते रंगवून चौकात मोर नायतर हत्ती उभा करायचं म्हणतोय. घरचे म्हणतात भंगारवाला पैसे देतो की, कशाला उद्योग. काय करावं? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : करा, बिनधास्त करा. घरच्यांचं खरंय, पत्रा भंगारात गेला तरी वितळून परत वापरात येतो, त्यामुळे कचरा कमी होईल म्हणून नाही तर चौक बघावासा वाटावा म्हणून करा. चंडीगडला नेकचंद नावाच्या रोड इन्स्पेक्टरने फुटक्या बांगड्या, कपबश्या असलं काय काय जमवून सरकारी जागेत लपूनछपून वर्षानुवर्षं मूर्ती केल्या, तेच १९७६ ला उघडलेलं रॉक गार्डन. तुम्ही मात्र भर चौकात करणार, तेव्हा आधी महापालिकेच्या झोन ऑफिसला लेखी अर्ज द्या.

आता मोर-हत्तीचं. मला विचाराल तर नको, ते कुठल्याही गावात दिसतात. डबा आडवा ठेवला की तळाचा साधारण नऊ इंची चौकोन समोर येतो, असे चौकोन एकावर एक रचले की थेट आपल्या सोलापुरी जेकार्ड चादरीचं (म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या चादरीचं) डिझाइन बसतं बघा, कारण ते डिझाइन पण ग्राफच्या चौकटी भरूनच काढतात. गल्लीत मागावर काम केलेले कुणी काका असतील तर त्यांनाच बसवा ग्राफ काढायला, बॉर्डरला कुठला रंग, मधलं फूल किती घरांचं, ते बरोबर सांगतील.

डबा गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने आतबाहेर धुवा, तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग पॉलिश पेपर मारायचा, प्राइमर, त्यावर ऑइल पेंटचे दोन हात. कापलेल्या कडा दुमडून ठोका, लहान पोरं हात लावणारच, आणि गंज पण तिथूनच सुरू होतो. रचून नुसतं ठेवू नका, लोखंडी अँगलच्या फ्रेमला नट-बोल्टने आवळा, वळवाच्या वाऱ्यात रिकामा डबा उडतो. मध्ये प्लॅस्टिकच्या बाटल्या घुसवू नका, आपल्या ४२-४३ डिग्रीच्या उन्हात त्या कडक होऊन तडकतात.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक डब्याला खालच्या बाजूला भोक हवंच, आणि ते रंगवायच्या आधी पाडा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. पावसाळ्यात भोकं पानं-मातीने बुजतात, म्हणून दर आठवड्याला तार घालून कोण मोकळी करणार त्याची पाळी आत्ताच लावा, आणि त्याला कुणी तयार नसेल तर डबे सरळ भंगारवाल्याला द्या.