दुरुस्तीनंतर गाडीत नवे बिघाड निघाले, तर जबाबदारी कोणाची?

समोर डाव्या कोपऱ्यावर धडक बसली, विम्यातून बंपर, हेडलाइट, रेडिएटर बदलून झाले, आणि आता गाडी डावीकडे ओढते, एसी गार होत नाही. गॅरेज म्हणतं, 'हे आधीचंच असणार.' मग धरायचं कोणाला, असा तुमचा प्रश्न आहे.

अपघाती गाड्यांचं एस्टिमेट काढणं हे माझं रोजचं काम, म्हणजे मी काउंटरच्या पलीकडचा माणूस. 'आधी गाडी छान होती' हे आम्ही दिवसभर ऐकतो, त्यावर कोणी हलत नाही. पार्टवरची खूण दाखवली की हलावं लागतं.

एसीचंच घ्या. कंडेन्सर (एसीचा गॅस गार करणारी जाळी) बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या अगदी पुढे असतो. रेडिएटर काढताना त्यालाही हात लागतो, कधी पाइपही सोडवतात. परत जोडताना जुनीच ओ-रिंग (सांधा बंद करणारं रबरी वळं) घातली की गॅस हळूहळू निघून जातो. सोबत थोडं तेलही झिरपतं, त्यावर धूळ बसून काळपट डाग धरतो. तो शोधून फोटो काढा. डाग सांध्यावर असेल तर काम गॅरेजचं कच्चं. कंडेन्सरच्या जाळीवर चेपलेल्या जागी असेल तर तो बहुधा धडकेचा मार, म्हणजे विमा कंपनीकडे पुरवणी क्लेम.

ओढण्याचं प्रकरण जरा किचकट. पुढचे दोन टायर आपसांत बदलून बघा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका). गाडी उजवीकडे ओढायला लागली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर दुसरीकडे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, नुसती मोजून प्रिंट घ्या, काही फिरवू देऊ नका. टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) टाय रॉडवर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावर, जुळवता येतो. कॅम्बर (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) मात्र बऱ्याच गाड्यांत जुळवायची सोयच नसते. डाव्या चाकाचे हे आकडे उजव्यापेक्षा बरेच वेगळे आले, तर लोअर आर्म, स्ट्रट किंवा सबफ्रेममध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या भागांत, काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय. धडकही डावीकडेच, मग 'आधीचंच' म्हणणं गॅरेजला जड जाईल. खर्च विम्यातून मिळायला हवा, पण तपासणीत ते सुटलं कसं याचं उत्तर गॅरेजनेच द्यायचं.

तक्रार ईमेलवर करा, सोबत जॉब कार्ड (गॅरेजने केलेली कामाची नोंद), अंतिम बिल आणि फोटो जोडा, विमा कंपनीलाही प्रत पाठवा. पहिल्या गॅरेजने आणि विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने गाडी पाहिल्याशिवाय तिसऱ्याकडे उघडू नका. एकदा नट फिरला की पुरावा गेला, आणि मग आमच्यासारखे लोक खुशाल हात वर करतात.

एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागतो, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. मी ते सगळ्यात वर घेईन. समोरच्या धडकेचा सेन्सर बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या आसपासच असतो, कनेक्टर नीट बसला नसेल तरी दिवा लागतो. दिवा पेटलेला असताना पुढच्या धडकेत एअरबॅग उघडेलच असं नाही. उद्याच स्कॅन करून फॉल्ट कोडचा (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाच्या क्रमांकाचा) प्रिंट घ्या, आणि कोड पुसण्याआधी घ्या.