एम.ए.चा अर्ज आणि आण्णांचा फोन

मी समुपदेशक आहे. विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश सुरू झाले की माझ्याकडे वीस-पंचविशीतली मुलं-मुली येऊ लागतात. त्यांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "मॅडम, ॲडमिशन घ्यायची आहे, पण फॉर्म भरायला हात धजत नाही." कुणाला एम.कॉम. करायचं असतं, कुणाला एम.एस्सी., कुणाला एम.ए. लॉगिन तयार असतं, फोटो आणि सही अपलोड झालेली असते, गुण भरून झालेले असतात. अर्ज शेवटच्या पानावर थांबलेला असतो. मुदतवाढ मिळाली की हायसं वाटतं, तीही संपत आली की पुन्हा पोटात गोळा येतो.

घरचे याला आळस म्हणतात. मित्रमैत्रिणी म्हणतात, "कन्फ्यूज झालाय, अजून माहिती काढ." मला ही दोन्ही निदानं पटत नाहीत. आळशी मुलगा रात्री दोन वाजता प्रवेशाचं माहितीपत्रक वाचत बसत नाही, आणि या मुलांकडे माहितीची कमतरता नसते. माझ्या अनुभवात त्यांना बरेचदा प्रवेशविभागातल्या लिपिकापेक्षा जास्त नियम ठाऊक असतात.

मेघाची गोष्ट यासाठी सांगते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही. मेघा पंचविशीची, बार्शीची. सोलापूर विद्यापीठातून भूगोल घेऊन बी.ए. झाली आणि एमपीएससीसाठी पुण्याला आली. सदाशिव पेठेत खोली, अभ्यासिका, मेस आणि पुन्हा अभ्यासिका, अशी तीन वर्षं गेली. पूर्व परीक्षा निघायची, मुख्य परीक्षेला थोडक्यात राहायचं. वडील, म्हणजे आण्णा, बार्शीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी. रोज रात्री त्यांचा फोन यायचा: "अभ्यास चाललाय ना?" या वर्षी मेघानं ठरवलं, पुण्यातच भूगोलात एम.ए. करायचं. विषय आवडीचा होता आणि गुणही होते. अर्ज मात्र पुढे सरकेना.

पहिल्या भेटीत ती एक वही घेऊन आली. वहीत शंका होत्या, क्रमांक टाकून लिहिलेल्या. मी एकेक घेत गेले. सोलापूरची पदवी पुण्याला चालेल का? चालते, जुन्या विद्यापीठातून मायग्रेशन प्रमाणपत्र काढून द्यायचं आणि पात्रतेचा अर्ज भरायचा. तीन वर्षांचा खंड आहे, त्याचं काय? गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडायचं, एवढंच. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपलीय. नवं काढायला आजच टाक. आमच्या वेळी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक (क्रेडिट्स) जमा होतात त्या खात्याचा क्रमांक, नव्हता. डिजिलॉकरवरून १२ अंकी क्रमांक थोड्या वेळात मिळतो.

कुणी म्हणेल, समुपदेशकानं कागदपत्रांची चर्चा कशाला करायची? मला ती करावीशी वाटते. भीतीच्या मुळाशी जायची घाई झाली की समोरच्याचा खरा अडथळा दुर्लक्षित राहतो, आणि मायग्रेशन नसणं ही काही मनाची समस्या नव्हे. आधी खऱ्या शंका खऱ्या उत्तरांनी फेडायच्या. त्यानंतर जे उरतं ते माझं काम.

पुढच्या भेटीत शंका मोठ्या झाल्या. "दोन वर्षं अडकून पडले तर?" मी तिला रचना समजावली. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याच्या आराखड्यात पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची आहे, चार सत्रं, प्रत्येकी २२. पहिल्या वर्षाचे ४४ पूर्ण करून थांबायचं ठरवलं तर पदव्युत्तर पदविका मिळते. "निवडीचा विषय चुकला तर?" ८८ पैकी निवडीच्या विषयांचे श्रेयांक साधारण १६. बाकी सगळे अनिवार्य विषय, संशोधनपद्धती, क्षेत्रकार्य किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संशोधन प्रकल्प यांत जातात. एखादा निवडीचा विषय मनासारखा निघाला नाही तर एका सत्रातले चार श्रेयांक कंटाळवाणे जातील. आयुष्य चुकणार नाही.

"मध्येच निवड होऊन पोस्ट मिळाली तर फी बुडेल." विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना आहे: प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत प्रवेश रद्द केला तर प्रक्रियेचा ठरावीक खर्च वगळून पूर्ण शुल्क परत, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, मग काही नाही. काही वर्षी आयोग याहून सवलतीच्या तारखाही जाहीर करतो. मूळ प्रमाणपत्रं संस्थेनं अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्याच अधिसूचनेत आहे. पडताळून परत द्यायची. "आणि वय?" राज्यसेवेला खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ची मर्यादा आहे. एम.ए. करताना परीक्षा द्यायला कुणाची आडकाठी नाही.

मेघा प्रत्येक उत्तर वहीत नीट उतरवून घ्यायची. तिच्याकडे बघताना माझ्या एक गोष्ट लक्षात येत होती. खऱ्या शंकेचं उत्तर मिळालं की माणूस हलका होतो, खुर्चीत थोडा मागे रेलतो, कधी हसतो. मेघा हलकी होत नव्हती. शंका फिटली की तिचा चेहरा उलट अधिकच उतरायचा, जणू लपायची एक जागा कमी झाली. पुढच्या वेळी वहीत नव्या शंका तयार.

तेव्हा मी तिला वही मिटायला सांगितली.

"समज, एकही शंका उरली नाही. फॉर्म सबमिट झाला, फी भरली. रात्री नेहमीच्या वेळी आण्णांचा फोन आला. ते विचारतायत, अभ्यास चाललाय ना. तू काय म्हणशील?"

तिनं तोंड उघडलं, मिटलं. बराच वेळ गेला. मी थांबले. अशा शांततेत समुपदेशकानं मध्ये बोलू नये, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना आवर्जून सांगते.

"नाही सांगता येणार मला," ती म्हणाली.

"काय नाही सांगता येणार?"

"की संपलं."

आणि ती रडू लागली. वहीतली एकही शंका त्या रडण्यात नव्हती. फॉर्म अर्धवट होता तोवर ती एमपीएससी करणारी मुलगी होती, गल्लीत, नात्यात, आण्णांच्या यार्डात. सबमिट केल्यावर ती एमपीएससी सोडलेली मुलगी होणार होती. माहितीपत्रकात याचं उत्तर मिळणार नव्हतं, म्हणून तिला प्रश्नच सुचत राहत होते. मला या कामात जे थोडंफार उमगलं आहे त्यात हे मी वरचं मानते: माहितीनं शमत नाही ती शंका माहितीची नसते.

इथे सगळे जण एक वाक्य म्हणतात: "अगं, वर्षं वाया नाही गेली, किती शिकलीस!" तिच्या मैत्रिणींनी ते म्हणून झालं होतं. मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "तीन वर्षं गेली. तू मनापासून दिलीस आणि हवं होतं ते मिळालं नाही. याचं वाईट वाटणारच." ती चमकून बघत राहिली. त्या भेटीत आम्ही एम.ए.चं नाव काढलं नाही. ती अभ्यासिकेबद्दल बोलली, निकालाच्या यादीत खालून वर नावं बघण्याबद्दल बोलली, दिवाळीला घरी गेल्यावर आत्यानं विचारलेल्या प्रश्नाबद्दल बोलली. नवीन प्रवेश घ्यायचा तर जुन्या वाटेचा निरोप घ्यावा लागतो आणि त्या निरोपाला वेळ लागतो. प्रवेशाच्या वेळापत्रकात तेवढा वेळ धरलेला नसतो, म्हणून मुलं अर्जापाशी अडतात.

माझा कल मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांकडे आहे. माणसाच्या कृतीचं मूल्यमापन जरूर करावं, माणसाचं करू नये, हा त्यांचा आग्रह मला रोजच्या कामात उपयोगी पडतो. मेघाला मी विचारलं, "मुख्य परीक्षेत तू राहिलीस, हे झालं. यावरून तू कोण, हे कुणी ठरवलं?" ती म्हणाली, "सगळ्यांनी." मी म्हटलं, "सगळ्यांची नावं सांग." नावं काढता काढता दोन उरली: आत्या आणि ती स्वतः. आण्णांनी तसं कधी म्हटलंच नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं होतं, अभ्यास चाललाय ना.

मग आम्ही फोनची तयारी केली. मी आण्णा झाले. पहिल्यांदा तिनं सांगितलं, "आण्णा, एम.ए. केलं की एमपीएससीलाच फायदा होतो." मी थांबवलं. "हे तुला पटतंय?" "नाही." पुन्हा. असं करत शेवटी तिचं बोलणं असं उतरलं: "आण्णा, मी एम.ए.ला प्रवेश घेतेय. पूर्णवेळ एमपीएससी थांबवतेय. जाहिरात निघाली तर परीक्षा देईन, पण त्यावर अडून राहणार नाही. तुम्ही कसे पैसे पाठवले ते मला माहीत आहे." शेवटचं वाक्य तिचंच होतं, मी सुचवलेलं नाही.

खऱ्या फोनवर आण्णा म्हणाले, "बघ बाई तुझं तू," आणि फोन ठेवला. नंतर काही दिवस त्यांचा फोन नाही. आई चोरून सांगायची, नीट जेवत नाहीत. मेघानं त्याच दिवसांत अर्ज सबमिट केला. आण्णांचा होकार आला नव्हता, तिचे हात थरथरत होते, तरी केला. मला या साऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. वडिलांची नाराजी सोसण्याजोगी आहे, हे तिनं माझ्या तोंडून ऐकलं नाही, स्वतः अनुभवलं. आण्णांनी पुढे फी पाठवली, वसतिगृहाची चौकशीही केली. ती केली नसती तरी मेघाचं पाऊल योग्यच होतं.

तुमचाही अर्ज असाच अडला असेल तर आधी तुमच्या शंका कागदावर काढा आणि विद्यापीठाच्या प्रवेशविभागाकडून उत्तरं मिळवा, ऐकीव माहितीवर राहू नका. उत्तरं मिळाल्यावर मन शांत झालं तर प्रश्न सुटला, अर्ज भरून टाका. शांत झालं नाही, नव्या शंका उगवल्या, तर शोधणं थांबवा आणि स्वतःला विचारा: हा अर्ज भरल्यावर मला कुणाला काय सांगावं लागणार आहे? कुणाला प्रेमाच्या माणसापासून दूर जाणार असल्याचं सांगायचं असतं. कुणाला घरच्या दुकानात बसणार नाही हे सांगायचं असतं. लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी शिकायला निघालेल्या बाईला, घरात आता संध्याकाळी मी नसेन, हे सांगायचं असतं. ते वाक्य सापडलं की ते आधी कुणा विश्वासाच्या माणसापुढे मोठ्यानं म्हणा. अडखळत म्हणा, चालेल.

आईवडिलांना माझी विनंती आहे. मूल अर्जापाशी अडलं असेल तर "भरून टाक पटकन" म्हणू नका आणि स्वतः बसून भरूनही देऊ नका. दुसऱ्यानं भरलेला प्रवेश पहिल्या सत्रातच गळतो, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्याऐवजी म्हणा, "तू काही थांबवत असशील तर सांग, मी ऐकेन." ऐकताना वाईट वाटलं तर तेही सांगा. फोन ठेवून देण्यापेक्षा ते बरं. आणि मुलाची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर प्रवेशाचा विषय बाजूला ठेवून लगेच मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

दुसऱ्या सत्राच्या आधी मेघा पुन्हा आली. या वेळी वहीत एकच प्रश्न होता: निवडीच्या विषयात दूरसंवेदन (रिमोट सेन्सिंग, उपग्रहचित्रांवरून भूभागाचा अभ्यास) घेऊ की कृषी भूगोल? दोन्ही तिला आवडत होते. बोलताना ती खुर्चीत आरामात मागे रेलली होती. तिच्यासोबत मी दोन-तीन वाक्यंच बोलले आणि तिला विभागातल्या शिक्षकांकडे पाठवलं, कारण तो प्रश्न त्यांचाच होता. दूरसंवेदन घेतलं, असं तिनं नंतर कळवलं.