आजी थांबल्या की तूही थांब

आदिवासी समाजाच्या रेडिओत नवा आहेस, तर पहिले काही दिवस स्टुडिओत बसूच नकोस. रेकॉर्डर घे आणि माणसांत जा. माईक तोंडापासून वीतभर लांब, जरासा तिरका धर, म्हणजे श्वासाचे फटके बसत नाहीत. म्हातारी माणसं बोलता बोलता गप्प होतात. तिथे लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच येते. घाईघाईत मी अशा कितीतरी गोष्टी घालवल्या, त्याचं अजून वाईट वाटतं.

परवानगी दोनदा घे, रेकॉर्डिंगआधी आणि प्रसारणाआधीही. उत्तर अमेरिकेतल्या अनेक जमातींमध्ये काही कथा फक्त हिवाळ्यातच सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत गेलेल्या माणसाचं नाव किंवा आवाज ऐकवला, तर घरच्यांना फार लागतं. जुनी टेप लावण्याआधी विचारायचंच.

जमिनीच्या, जंगलाच्या हक्काची बातमी असेल तर सुनावणीची तारीख आणि ठिकाण दोनदा सांग. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. कायद्याचे जड शब्द आपल्या बोलीत फोडून सांग. आपल्या भाषेत आपली माध्यमं चालवणं हा हक्कच आहे, आदिवासींच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या जाहीरनाम्यातलं सोळावं कलम तेच म्हणतं. कुणी विचारलं तर बिनधास्त दाखव.

आणि हो, फाइलला नाव देताना बोलणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि परवानगी कुणी दिली ते त्याच दिवशी लिहून ठेव.