संगीत नाटकात गायिका-नटी म्हणून करिअर करता येईल का? नाटकाने गळा बिघडतो हे खरं आहे का?

तू लिहिलंयस की वय 20, सहा वर्षं ख्याल शिकतेस, आणि गुरू म्हणतात नाटकात गेलीस तर गळा जाईल. माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहिते. मला हे तेविसाव्या वर्षी बडोद्यात, दांडिया बाजारात गुरुजींच्या माडीवर ऐकावं लागलं.

आम्ही हौशी मंडळींनी 'सौभद्र' हे संगीत नाटक बसवलं होतं. मी सुभद्रा. माझी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, काळी चार, अर्जुनाची काळी एक, त्यामुळे तबलजी दोन तबले लावून बसायचे आणि माझ्या पदाआधी हळूच बदलायचे. संवादाचे शेवटचे दोन शब्द उरले की ऑर्गनवाले माझा सा धरायचे. तो ऐकायचा, डोळ्यातलं पाणी ठेवायचं आणि पद उचलायचं. हे मला कुठल्याच क्लासात कुणी शिकवलं नव्हतं. 'वद जाऊ कुणाला शरण'ला वन्समोअर मिळाला. गुरुजी समोर बसलेले दिसले म्हणून दुसऱ्या वेळी मी तानांवर ताना घेतल्या. टाळ्या पडल्या, पण सुभद्रेचं दुःख त्यात वाहून गेलं. गुरुजी याबद्दल रागावले असते तर मी पाय धरले असते. ते म्हणाले, "तोंडाला रंग लावून गाणाऱ्यांना मी शिकवत नाही." शिकवणी त्या दिवशी संपली.

तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, आज बोलते. थोर गायक भास्करबुवा बखले याच बडोद्यात उस्ताद मौलाबक्षांकडे गाणं शिकले, लहानपणी किर्लोस्कर मंडळीत कामं केली, आणि 'स्वयंवर' नाटकातल्या पदांच्या चाली त्यांच्याच. बालगंधर्वांनी लुगडं नेसून गायलं तर ते गंधर्व, आणि बाई स्वतः उभी राहिली की गळा बाजारी? हिराबाई तर बडोदेकर नाव लावायच्या. भावंडांसकट रंगभूमीवर आल्या, आणि किराणा घराण्याचा त्यांचा सूर शेवटपर्यंत निर्मळ राहिला. 1970 साली पद्मभूषण मिळालं. नाटकाने गळा जातो म्हणणाऱ्यांनी त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकावं.

पैशाचं म्हणशील तर नुसत्या संगीत नाटकावर घर चालत नाही, बडोद्यात तर नाहीच. जयराम आणि जयमाला शिलेदारांकडे आई-वडील आणि मुली सगळे रंगमंचावर होते, घरचीच संस्था होती. तुझ्यामागे तसं कुणी नसेल तर नोकरी किंवा शिकवण्या हव्यातच.

एक मात्र कबूल करते. त्या तालमींनंतर महिनाभर माझा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला सूर, नीट लागत नव्हता. गाण्याने नव्हे, संवादांनी. माईक नाही, मागच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून मी रोज तीन-तीन तास गळा ताणून बोलत होते. बोलायचं कसं ते आधी शिक, पदं नंतर.

आणि गुरुजींपासून मी तालमी लपवल्या होत्या. त्यांना कळलं ते भिंतीवरच्या जाहिरातीवरून. तू तसं करू नकोस. पहिल्या तालमीआधी सांग, आणि प्रयोगाचा पास स्वतः नेऊन दे.