मांजर घालवले, गोठा तसाच राहिला

"मांजर पोत्यात घालून ओढ्यापलीकडं सोडून आलो, आता तरी ह्या खेपेला पोर टिकंल ना?" असे विचारत एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन माझ्या कक्षात आल्या. मी साताऱ्याच्या दुष्काळी भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात गरोदर स्त्रियांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. सुनेला चौथा महिना लागला होता आणि आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भपात झालेला होता. तिला आपण येथे मंगल म्हणू. सासूबाई बोलत असताना मंगल मान खाली घालून पदराचे टोक पिळत होती. नंतर एकटी असताना तिने सांगितले की ते मांजर तिने चमच्याने दूध पाजून वाढवले होते, आणि आता घरात सगळे असे बोलतात की आधीचे मूल तिच्या त्या लाडामुळेच गेले.

या समजुतीच्या मुळाशी एक कागद होता. गर्भपातानंतर तालुक्याच्या गावी तिची टॉर्च चाचणी (गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांसाठीची रक्ततपासणी) करण्यात आली होती, तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची आयजीजी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्यावर दीर्घकाळ टिकणारी, प्रतिपिंडे आढळली होती, आणि अहवाल हातात देताना कोणीतरी "घरात मांजर आहे का?" एवढेच विचारले होते. त्याच कागदावर आयजीएम, म्हणजे सहसा ताज्या संसर्गात दिसणारी, प्रतिपिंडे नाहीत असेही छापलेले होते. त्या ओळीकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अहवाल पाहून सांगितले की हा संसर्ग पूर्वी केव्हातरी, बहुधा गर्भ राहण्याच्या बऱ्याच आधी होऊन गेलेला दिसतो. बाळाला धोका प्रामुख्याने गरोदरपणात पहिल्यांदाच होणाऱ्या संसर्गाचा असतो. जुन्या संसर्गामुळे शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे सहसा उपकारकच ठरतात. मागचा गर्भपात कशामुळे झाला हे त्या एका अहवालावरून सांगता येणार नव्हते, आणि मांजरामुळे झाला असे तर मुळीच म्हणता येत नव्हते.

मांजराविषयीची भीती अगदी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मांजराला हा संसर्ग पहिल्यांदा होतो तेव्हा साधारण 1 ते 3 आठवडे त्याच्या विष्ठेतून परजीवीची अंडी बाहेर पडतात, परंतु ती लागण करण्याजोगी व्हायला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणून घरात मांजराची घाण पडत असेल तर ती रोज, आणि शक्यतो दुसऱ्याने, काढली की धोका पुष्कळ कमी होतो. मांजर मांडीवर बसल्याने किंवा त्याच्या अंगावरून हात फिरवल्याने हा आजार सहसा होत नाही. अर्धवट शिजलेले मटण, न धुतलेली पालेभाजी आणि परसातल्या मातीत काम केल्यावर तसेच तोंडाकडे गेलेले हात हे त्याचे अधिक नेहमीचे मार्ग आहेत. येथे मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे. आमच्या कक्षाबाहेर लावलेला तक्ता मीच लिहिला होता आणि प्राण्यांविषयी त्यात "गरोदरपणी मांजरापासून दूर राहावे" एवढे एकच वाक्य होते. ज्या तालुक्यात घरोघरी शेळ्या आहेत तेथे शेळीचे नावही मी लिहिले नव्हते.

मंगलला मी तिचा दिवस पहाटेपासून सांगायला लावला. घरी 11 शेळ्या आणि 1 म्हैस. शेण काढणे, वैरण घालणे, धार काढणे ही कामे तिचीच, आणि "बाळंतीण धडधाकट राहावी" म्हणून शेळीचे धारोष्ण दूध रोज सकाळी पेलाभर तिला दिले जाई. सांगता सांगता ती सहज म्हणाली की पंधरा-सोळा दिवसांपूर्वी एक शेळी गाभडली, दिवस भरायला महिनाभर राहिला असताना तिने मेलेले करडू टाकले, आणि ते करडू व वार मंगलनेच उघड्या हातांनी उचलून उकिरड्यावर टाकले. सासूबाईंना यात सांगण्यासारखे काही वाटलेच नव्हते. शेळी गाभडते, त्यात नवल ते काय!

माझी खरी काळजी त्या वाक्याने सुरू झाली. शेळ्या-मेंढ्या आणि गाई-म्हशींमध्ये गाभ जाण्याचे एक प्रमुख कारण ब्रुसेला हा जिवाणू असतो. टाकलेला गर्भ, वार, अंगावरून जाणारा स्राव आणि न तापवलेले दूध यांतून तो माणसाच्या अंगात शिरतो. त्याचा शोध डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेत लावला, आणि तो शेळीच्या दुधातून पसरतो हे पुढे 1905 च्या सुमारास तेथेच उघड झाले. माणसाला त्यामुळे चढ-उताराचा ताप येतो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात. गरोदर स्त्रीचा गर्भपातही होऊ शकतो. शेळ्या-मेंढ्यांच्या विण्याच्या वेळी इतरही काही जंतू बाहेर पडतात, त्यामुळे गरोदर स्त्रीने त्या वेळी गोठ्यात जाऊच नये, हातमोजे घालूनही नाही, असे मी स्पष्टपणे सांगते. सरकारी कार्यक्रमात ब्रुसेलाची लस 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदा देतात; या घरातल्या शेळ्यांना त्याचा उपयोग नव्हता.

मंगलचे रक्त तपासायला पाठवले. पहिला अहवाल निर्दोष आला, परंतु लक्षणे दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात म्हणून काही काळाने पुन्हा तपासणी केली, आणि तीही निर्दोष निघाली. मात्र घरात आणखी कोणाला ताप येतो का, असे विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या की मंगलच्या मामंजींना तीन महिन्यांपासून संध्याकाळचा ताप आणि कंबरदुखी आहे, दोनदा हिवतापाची औषधे झाली आहेत. त्यांची तपासणी केली तेव्हा ब्रुसेलोसिसच, म्हणजे ब्रुसेलामुळे होणारा आजार, निघाला. त्यावर दोन औषधे एकत्र, निदान सहा आठवडे घ्यावी लागतात आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर आजार उलटतो. म्हणून त्यांनाही माझ्याकडे बोलावून हे दोनदा समजावले. पशुवैद्यकीय दवाखान्यातून शेळ्यांचे रक्त तपासले गेले आणि दोन शेळ्या बाधित आढळल्या. त्या बाजारात विकू नयेत, कळपातून वेगळ्या बांधाव्यात, टाकलेला गर्भ व वार कुत्र्यांच्या हाती लागू न देता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी, असे डॉक्टरांनी सांगितले.

अवघड प्रश्न कामाच्या वाटणीचा होता. "मग गोठा कोण बघणार?" असे सासूबाईंनी विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता, कारण त्यांचे गुडघे दुखत होते आणि मामंजी आजारी होते. मंगलच्या नवऱ्याला बोलावून घेतले. आधी तो "बघतो" एवढेच म्हणाला. वडिलांचा अहवाल दाखवल्यावर मात्र पहाटेची धार आणि शेण त्याने आपल्याकडे घेतले. मंगलने वैरण कापावी, दूध चांगले उकळून मगच प्यावे, असे ठरले. खरवस चालेल का, हा सासूबाईंचा पुढचा प्रश्न होता. चीक वाफेवर पुरता शिजवलेला असेल तर चालेल, कच्चा चीक मात्र चाखू नये, असे मी सांगितले. शेतावरचे कुत्रे चावले तर गरोदर असताना लस घ्यावी का, हेही त्यांनी विचारून घेतले. जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी, गरोदरपण हे ती टाळण्याचे कारण नाही, एवढे उत्तर तेथे पुरेसे होते.

सातव्या महिन्यात मंगल तपासणीला आली तेव्हा वैरणीच्या खोलीत उंदीर फार झाल्याचे तिने सांगितले. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होतो, म्हणून धान्य झाकून ठेवा, ओल्या जागेत अनवाणी जाऊ नका, असे मी सांगत असताना सासूबाईंनी मध्येच विचारले, "मग मांजर परत आणायचं का?" आणायला माझी हरकत नव्हती, आणि तसे मी म्हटलेही. त्या ओढ्यापलीकडे दोन वेळा जाऊन आल्या, पण ते मांजर काही सापडले नाही.