‘निगेटिव्ह’ आले, तरी शस्त्रक्रिया का?

प्रश्न : माझ्या नातवाला पहिली काळी शी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी झाली आणि पोट फुगलेलेच राहिले. गुदाशयाच्या बायोप्सीचा पहिला रिपोर्ट ‘नमुना अपुरा’ असा आला. दुसऱ्यात ‘गँग्लिऑन पेशी आढळल्या नाहीत, कॅलरेटिनिन निगेटिव्ह’ असे लिहिले आहे. आम्हाला हायसे वाटले, पण डॉक्टर शस्त्रक्रियेचे बोलत आहेत. हे कसे?
— एक आजी, पंचवटी, नाशिक

उत्तर : आजी, करोनाच्या काळापासून ‘निगेटिव्ह’ म्हणजे सुटलो, असे आपल्या मनात बसले आहे. येथे मात्र त्याचा अर्थ, जे असायला हवे होते ते सापडले नाही, असा आहे.

आतड्याच्या भिंतीतील गँग्लिऑन पेशी, म्हणजे तेथील चेतापेशी, मल पुढे सरकवण्याचे काम सांभाळतात. गर्भावस्थेत त्या वरून खाली गुदद्वाराच्या दिशेने सरकत येतात. हा प्रवास अर्धवट राहिला, तर खालचा भाग सैल पडत नाही आणि मल वर तुंबतो. यालाच हिर्शस्प्रुंग आजार म्हणतात. तो सुमारे 5000 बाळांत एकाला होतो.

एखादी गोष्ट ‘आहे’ हे एका पेशीवरून सांगता येते, ‘नाही’ म्हणण्यासाठी मात्र नमुन्याचे अनेक पातळ काप तपासावे लागतात. त्यातच नवजात बाळाच्या या पेशी लहान व अपक्व असल्याने नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात सहज निसटतात. म्हणून या चेतापेशींत व त्यांच्या तंतूंत असणारे कॅलरेटिनिन हे प्रथिन रंगवून पाहतात. निरोगी आतड्याच्या आतल्या अस्तरात त्यामुळे बारीक तपकिरी तंतू उमटतात, या आजारात ते उमटत नाहीत. त्याच कापातील मास्ट पेशी (हा रंग एरवीही घेणाऱ्या, रोगप्रतिकारक्षमतेतील पेशी) तपकिरी झाल्या असतील, तर रंग नीट चढला होता याची खात्रीही पटते. गंमत अशी, की ॲसिटिलकोलिनएस्टरेज या रंग देण्याच्या जुन्या पद्धतीत नेमके उलट होते : तेथे जाड, जास्तीचे तंतू दिसणे म्हणजे आजार. शिवाय त्यासाठी गोठवलेला नमुना लागतो. कॅलरेटिनिन मात्र फॉर्मेलिनमधून आलेल्या, मेणात बसवलेल्या तुकड्यावरही चालते.

पहिल्या रिपोर्टबद्दल लॅबला दोष देऊ नका. तुकड्यात अस्तराखालचा थर आला नाही, किंवा तो गुदद्वाराच्या फार जवळून, जेथे या पेशी मुळातच विरळ असतात तेथून घेतला गेला, तर ‘अपुरा’ म्हणणेच प्रामाणिकपणाचे असते. दुसरे मत हवे असल्यास स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. बाळाला पुन्हा टोचावे लागेलच असे नाही. या पेशी नसलेला भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेतही गोठवलेले काप तपासूनच निरोगी आतडे कोठून सुरू होते, हे ठरवतात. तोवर बाळाला ताप आला, पोट अधिक फुगले किंवा दुर्गंधीयुक्त पातळ जुलाब झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.